गुंड्याची तहान

आत्या, तू गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय झालं होतं त्यांना?" आणि मी कुत्र्याचं सांगायला लागते.

लोक गोंधळतात. परवा रेल्वे कॉलनीतल्या बायका आल्या होत्या. चहाचे कप हातात धरून त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की तुझा जावई नितीन मधेच म्हणाला, "हार्ट. हार्टचं झालं." मग सगळ्यांनी माना हलवल्या. हार्ट म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काहीतरी आणायला गेले होते, काय ते आठवेना, तशीच परत आले. दिवसभर हेच चाललंय. बसवत नाही गं. तुझ्या खोलीत जाते, तिथून गच्चीवर, गच्चीवरून खाली. गुंड्या माझ्या मागे मागे फिरून दमतो आणि जिन्यातच अंग टाकतो. म्हणून म्हटलं, येणाऱ्यांना सांगता येत नाही ते तुलाच सांगावं. तुला सगळं माहीत आहे, कबूल. पण ते तुझ्या बाजूनं. माझी बाजू तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाहीस.

होळी झाली आणि त्याची वाटी रिकामी दिसायला लागली. भरली की रिकामी. मग तो न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालायला लागला, मग कुंडीखालच्या ताटलीत. जेवढं पाणी आत, तेवढंच बाहेर. आठ वर्षांत घरात कधी पाय वर न केलेला शहाणा पॉमेरेनियन जिन्यात मुतायला लागला, आणि वर कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसायचा. तळमजल्यावरच्या सरलाजी, आपल्या घरमालकीण, रोज सकाळी फिनाइलची बाटली आपल्या दारासमोर आपटायच्या.

"बुआजी, यह कुत्ता है कि नल?"

तू कठड्यावरून वाकून तुझ्या अकोल्याच्या हिंदीत उत्तर द्यायचीस, "पानी पी रहा है बाई, दारू तो नहीं पी रहा!"

मला हसू यायचं, आणि भीतीही वाटायची. जयपूरच्या सोडाला भागात, ऑफिसच्या बसच्या रस्त्यावर, दोन खोल्या आणि वर गच्ची, असं घर परत मिळणार नव्हतं. एक दिवस सरलाजी वर आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, मी वाईट बाई नाही, पण माझ्या पाहुण्यांना वास येतो. इस महीने में या तो इसका इलाज, या दूसरा मकान." त्या गेल्या आणि नितीन हळूच म्हणाला, "संध्याकाळी सातनंतर वाटी उचलून ठेवू या का? प्यायलाच नाही तर करणारही नाही."

तू भाजी निवडत होतीस. हात थांबले तुझे.

"पाण्याले नाई म्हनायचं नाई, नितीन. बाकी कोनी म्हनो. आपन तरी नाई."

मोठ्यानं बोलली नव्हतीस. पण नितीननं मान खाली घातली, आणि त्या रात्रीपासून तू एक वाटी आणखी भरून ठेवायला लागलीस. सकाळी उठून फडकं घेऊन जिना पुसायचीस. सरलाजींच्या फिनाइलच्या आधी.

घराजवळच्या डॉक्टरांनी "गर्मी है" म्हणून पावडरचं पाकीट दिलं होतं. उष्मा होताच, जयपूरचा उष्मा. पण पोट नगाऱ्यासारखं, मागच्या पायांवरचे केस विरळ, आणि भूक अशी की पोळीचा डबा वाजला की धावत येणार, हे उष्म्यानं कसं होईल? हे तूच म्हणालीस. मग राजा पार्कमधल्या त्या डॉक्टर मॅडमकडे मी आणि नितीन त्याला घेऊन गेलो.

त्यांनी त्याला हातही लावायच्या आधी विचारलं, "पानी कितना पीता है?"

"बहुत," मी म्हणाले.

"बहुत मतलब? मेरे यहाँ सब बहुत ही पीते हैं." मग त्यांनी समजावलं. लिटरची बाटली घ्या, दिवसभर फक्त तिच्यातूनच पाणी घाला, बादल्या झाका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. आणि सकाळचं पहिलं लघवीचं पाणी स्वच्छ भांड्यात. "तहान लागते म्हणून जास्त मुततो, की जास्त मुतावं लागतं म्हणून तहान लागते, ते आधी कळू दे. आणि पाणी तोडू नका. मूत्रपिंड कमजोर असलं आणि तुम्ही पाणी तोडलंत, तर जाईल तो."

घरी येऊन मी हे सांगितलं तर तू नुसतं नितीनकडे पाहिलंस. गरीब बिचारा.

ती सकाळ मी विसरणार नाही. मी ऑफिसची वेणी घालता घालता गॅलरीतून बघत होते. गल्लीत पुढे गुंड्या, मागे तू वरणाचा जुना डाव घेऊन वाकलेली, तुझ्यामागे दूधवाला सायकल धरून उभा. गुंड्या खांबाशी थांबला की तू डाव पुढे करायचीस, तो लाजून पुढच्या खांबाला. "अरे थांब ना बाप्पा, लोक पाहून रायले!" शेवटी पेरूच्या झाडाशी जमलं. तू डाव उंच धरून विजयी वीरासारखी आलीस आणि सरलाजींना सामोरी गेलीस. त्या म्हणाल्या, "हे राम." आणि पहिल्यांदा हसल्या.

दोन लिटरच्या जवळपास पाणी निघालं. एवढ्याशा जिवाला. लघवी नळाच्या पाण्यासारखी पातळ, पण साखर नाही. म्हणजे मधुमेह नाही. रक्तात मूत्रपिंडाचं ठीक, यकृताचा एक आकडा मात्र वर. मॅडम म्हणाल्या, मूत्रपिंडाच्या वर छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं एक रसायन बनवतात. त्या जास्त काम करायला लागल्या की असंच होतं. पोट सुटतं, केस जातात, भूक, तहान. रक्त दिल्लीला पाठवलं. उत्तर यायला दिवस लागले आणि त्या दिवसांत तू जेवण अर्धं टाकायचीस. मी बोलले तर म्हणायचीस, "उन्हाळा हाय."

उत्तर उलटं आलं. ग्रंथी जास्त काम करत नव्हत्या, झोपल्या होत्या. मॅडमनी मला फोन करून सांगितलं, "शरीराला ते रसायन बाहेरून मिळतंय म्हणून आतलं बंद पडलंय. घर में कौन इसे स्टेरॉइड दे रहा है? खाजेचं इंजेक्शन? गोळी? सच बताइए."

कुणीच देत नव्हतं. मी चिडले, त्याही चिडल्या. म्हणाल्या, घरातले सगळे या, एकेकाला विचारते.

म्हणून तू राजा पार्कला आलीस. तू तशी कुठे येतेस? उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, पायात मोठ्या मापाच्या बंद चपला. दवाखान्याच्या बाकावर बसलीस, दमून चपला काढल्यास, आणि पदरानं पाय झाकायच्या आत गुंड्या बाकाखाली शिरला आणि तुझी टाच चाटायला लागला. रोज संध्याकाळी चाटायचा तसा. आम्हाला त्यात काही दिसलंच नाही. मॅडम बोलता बोलता थांबल्या. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि तुझ्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"माताजी, पैरों में क्या लगाती हैं आप?"

तू पाय मागे ओढलेस. चेहरा असा झाला तुझा, की मला तिथून तुला उचलून न्यावंसं वाटलं. मग पिशवीतून ट्यूब काढून दिलीस. सोरायसिसचं मलम, किती वर्षांपासूनचं. मॅडमनी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "मिल गया."

कुणीच देत नव्हतं आणि तू रोज देत होतीस. दिवसातून दोनदा पायांना, हातांना मलम, आणि नंतर तो तासभर चाटत बसलेला.

मॅडम चांगल्या बोलल्या, हे मला आज सांगू दे. म्हणाल्या, तुमची काहीच चूक नाही, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. त्याला छोट्या गोळ्या देऊ, हळूहळू कमी करू, एकदम तोडलं तर त्याचं शरीर कोसळेल. तोवर त्यानं मलम चाटायचं नाही. सुधारेल. पण परतीच्या रिक्षात तू त्याला मांडीवरून उतरवलंस आणि माझ्या मांडीवर ठेवलंस, आणि हात पदरात गुंडाळून बसलीस.

मला माहीत होतं तू काय विचार करत होतीस. तू कधी सांगितलं नाहीस, बाबांनी सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हातापायावर खपल्या आल्या तेव्हा तुझ्या नवऱ्यानं ताट वेगळं केलं, मग खाट वेगळी, मग तुला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. माझी आई गेली तेव्हा तू जयपूरला आलीस ती बाबांचा संसार आणि मला सांभाळायला. माझ्या वेण्या घातल्यास, मला मराठी वाचायला शिकवलंस, तापात रात्र रात्र कपाळावर हात ठेवलास. आणि मी तुझ्या पायाला तेल लावते म्हटलं की, "जा, अभ्यास कर." मोठी झाले, तरी "जा, कामं पाय." कुणालाही पाया पडू द्यायची नाहीस. माणसांत कुणालाच नाही. मग हा कुत्रा आला. कुणा बदली झालेल्या साहेबानं मागे टाकून दिलेला. "आपल्याले मानसं कमी हायेत काय?" म्हणून तू आठवडाभर भांडलीस, आणि नंतरच्या आठवड्यात तो तुझ्या पायाशी होता. त्याला तू "जा" म्हणाली नाहीस.

मग मोजे आणले. जूनमधल्या जयपुरात तू मोजे घालून बसलीस, आणि गुंड्या दातांनी ते ओढून काढून पळायचा. मी म्हटलं, संध्याकाळी त्याला आमच्या खोलीत बंद करते. तो दार खरवडत रडला, तू पलीकडून गप्प. तुझी ती शांतता बघवेना म्हणून नितीन काहीतरी हलकं बोलायला गेला. आपला नितीन. म्हणाला, "आत्या, एवढं काय मनाला लावून घेता? तो तुमचा भक्त नाहीच, ट्यूबचा भक्त आहे."

तू हसलीस. खरंच हसलीस. आणि दुसऱ्या दिवसापासून मलम बंद केलंस.

आम्हाला कळलं नाही. संध्याकाळी तू म्हणायचीस, सोड त्याले, दुपारीच लावून धुतले पाय. आम्ही सोडायचो. राखीच्या सुमाराला गुंड्याची वाटी दुपारीही अर्धी भरलेली राहायला लागली, जिना कोरडा, सरलाजी खूश. मी ऑफिसात मिठाई वाटली. आमच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कुत्र्याची तब्येत सुधारली म्हणून मिठाई देणारी मीच पहिली असेन. त्याच दिवशी घरी येऊन बघते, तर तुझ्या चादरीवर रक्ताचे डाग. टाचा फाटून लाल झालेल्या, खपल्या घोट्याच्या वर चढलेल्या.

"हे काय केलंस? कधीपासून?"

तू माझ्याकडे नाही, नितीनकडे पाहिलंस. डोळे चमकत होते तुझे. "सांग तुया नवऱ्याले. ट्यूब बंद करून दोन मयने झाले. तरी येते तो. रोज येते."

आणि मग त्या वेड्या नितीननं, कारण त्याला तुला मलम परत सुरू करायला लावायचं होतं, म्हटलं, "खोबरेल लावता ना आता? खोबरेल आवडत असेल त्याला."

तू खोबरेलही बंद केलंस!

आत्या, तेव्हा मी जे ओरडले ते सगळं परत म्हणायला मी आज तयार आहे. ओरडले, कारण ओरडण्यासारखंच होतं. डॉक्टरला गोळीचा डोस एकदम तोडू नका म्हणताना तू ऐकलं होतंस, आणि स्वतःचं मलम एका दिवसात तोडलंस. कोरडे, फुटलेले पाय घेऊन तू बसायचीस आणि तो यायचा, चाटायचा, आणि तू आमच्याकडे अशी बघायचीस की जणू रिपोर्ट आलाय. मी विचारलं, "कशासाठी हे?" तू म्हणालीस, "मले पाह्याचं होतं, बस."

मला तिथेच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पाहायचंच होतं तर मला पाहिलं असतंस. मी होते ना? एवढीशी होते तेव्हापासून तुझ्या खाटेच्या कडेला तेलाची वाटी घेऊन उभी होते. मला काय मलमाची चटक होती? हे मी त्या दिवशी म्हणाले नाही. बाकी सगळं म्हणाले, हेच राहिलं.

तोडगा निघाला तो सरलाजींमुळे, हे तू मान्य करशील. माझं ओरडणं खालपर्यंत ऐकू गेलं असणार. त्या वर आल्या, तुझे पाय पाहिले, तोंडावर पदर धरला आणि म्हणाल्या, "बुआजी, दोपहर को कुत्ता मेरे पास भेज दो. तुम्ही गच्चीवर मलम लावा, उन्हात बसा, चार वाजता पाय साबणानं धुवा, मग घेऊन जा तुमचा कुत्ता." ज्या बाईनं त्याच्यासाठी आपल्याला घर खाली करायला सांगितलं होतं, ती त्याला दुपारी तूप लावलेली रोटी भरवायला लागली. चामडीच्या डॉक्टरांनी नवं, सौम्य मलम दिलं, तू ते ऐकलंस. दिवाळीनंतर तुझ्या टाचा मिटायला लागल्या. गुंड्याच्या मागच्या पायांवर पांढरी लव आली. मला वाटलं, सुटलो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नितीनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सीकर रोडवरून घरी येईपर्यंत सगळ्या गच्च्यांवर पोरं, पतंग, स्पीकर, "वो काटा, वो काटा." आपल्या गच्चीवर सरलाजी जमिनीवर बसून रडत होत्या. कपडे वाळत घालायला आल्या तर तू खुर्चीत मान टाकून. त्यांना वाटलं ऊन खातेयस. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल. मी विचारलं, पायाच्या भेगांतून काही विषारी गेलं असेल का? ते म्हणाले, नाही, पाय तर बरे होत आले होते. मी परत विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजही मला रोज तेच विचारावंसं वाटतं, कुणालातरी, फोन करून.

पुढचं तुला माहीत नाही. हे फक्त मीच सांगू शकते.

तुला खाली आणून चटईवर ठेवलं आणि गुंड्या सरलाजींच्या घरातून सुटून आला. तुझ्या पायांवर मलम तसंच होतं, पांढरं, नुकतं लावलेलं. मी त्याला धरलं. माझ्या डोक्यात तेच होतं, मलम आहे, चाटायचं नाही. तो हातपाय झाडत होता, ओरडत होता, आणि मी त्याला छातीशी दाबून म्हणत होते, नाही रे, नाही, मलम आहे. बायका बघत होत्या, त्यांना काय कळणार. कुणीतरी म्हणालं, कुत्र्याला बाहेर न्या.

नितीन उठला. न्हाणीघरातून कोमट पाण्याची बादली आणि साबण घेऊन आला. तुझ्या पायाशी बसला आणि तुझे पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. बोटांच्या मधे, टाचांच्या भेगांत. आपल्या खांद्यावरच्या टॉवेलनं टिपले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता सोड त्याला."

मी सोडलं. गुंड्यानं तुझ्या टाचेचा वास घेतला, बराच वेळ घेतला. चाटलं नाही. पायाला पाठ लावून बसला, आणि तुला न्यायला उचलेपर्यंत हलला नाही. नितीन तिथेच बसून होता. तो तुला काही म्हणाला असेल तर मला ऐकू आलं नाही. ट्यूबचं ते वाक्य आठवून तो अजून जेवता जेवता थांबतो. तूच त्याला काहीतरी सांग, माझं ऐकत नाही. तू तर जिंकली होतीस ना? मग त्याला सांग की तू हसत होतीस.

तुझं पुण्यानुमोदन झालं. अकोल्याची मंडळी परत गेली. आणि आज मी गुंड्याला राजा पार्कला नेलं, शेवटच्या तपासणीला. रक्त मागच्या आठवड्यात दिलं होतं. मॅडमनी कागद वाचला, त्याचे केस बोटांनी उलटे करून पाहिले, पोट दाबलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, त्याच्या ग्रंथी जाग्या झाल्या. आता त्याचं शरीर आपलं आपण बनवतंय. गोळी बंद. "इतना अच्छा रिज़ल्ट कम आता है. माताजी कहाँ हैं आज? उन्हें तो मैं खुद बताती."

मी म्हणाले, "घर पे हैं."

का म्हणाले ते मला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी हो म्हटलं, गुंड्याला उचललं आणि बाहेर येऊन पहिली दिसली ती रिक्षा केली. गुंड्या मांडीवर उभा राहून बाहेर वाऱ्याला तोंड देत होता, आणि एवढी मोठी बातमी माझ्या तोंडात, आणि सांगायला कुणी नाही.

"आत्या, गोळी बंद झाली गं त्याची," मी मोठ्यानं म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. "कुछ कहा, मैडम?"

"नहीं भैया, आपसे नहीं."

मग मी तुला सगळं सांगितलं. रक्तात काय आलं, मॅडम काय म्हणाल्या, केस कसे दाट झालेत, त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. सोडाला येईपर्यंत बोलत होते. त्यानं परत विचारलं नाही.